ताणाचे शास्त्र आणि लोणावळ्याचे प्रयोग

चिता आणि चिंता या दोन शब्दांत एका अनुस्वाराचेच अंतर, हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळते. काळजीने माणूस खंगतो, धास्तीने त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे ओळखण्यासाठी आपल्या आजीबाईंना प्रयोगशाळेची गरज पडली नाही. परंतु मनातली काळजी शरीरापर्यंत पोचते ती कोणत्या वाटेने, हा प्रश्न निराळा आहे. त्याचा शास्त्रीय शोध सुरू होऊन जेमतेम सव्वाशे वर्षे झाली. आणि त्या शोधातले एक पान आपल्याच पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात लिहिले गेले आहे.

आरंभ झाला तो अमेरिकेत. क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा. त्यानंतर थोड्याच वर्षांत हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी त्या किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहू लागला. मांजर चिडले वा घाबरले की जठराची हालचाल तत्काळ थांबते, असे त्याला दिसले. पुढे 1915 साली त्याने याची मीमांसा ग्रंथरूपाने मांडली. संकट दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. लढावे किंवा पळावे, यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय.

दुसरा टप्पा गाठला हान्स सेल्ये याने. कॅनडातील माँट्रिअल येथे उंदरांवर प्रयोग करताना त्याला आढळले की, थंडी, जखम, विषार किंवा अतिश्रम यांपैकी काहीही वाट्याला आले तरी उंदराच्या शरीरात तेच तीन बदल होतात: अधिवृक्क ग्रंथी वाढतात, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. जुलै 1936 च्या ‘नेचर’मध्ये त्याने हे एका छोट्या पत्राने कळविले. प्रथम धोक्याची हाक, मग प्रतिकार आणि शेवटी थकवा, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या. वाघ समोरून गेला की हरणाची सिद्धता ओसरते. माणसाचे तसे नाही. कर्ज, कचेरी, मुलीचे लग्न, भाडेकरूचा दावा हे सारे त्याच्यासमोरून हलतच नाही, आणि ओढून धरलेली दोरी सैल होत नाही.

आता लोणावळ्याकडे वळू. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883–1966), हे मूळचे शिक्षक. योगाचे फायदे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. ते मोजून पाहू म्हणणारे विरळा. 1920 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी नौली आणि उड्डियान या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या. कॅननच्या हातातले साधन ते हेच! 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. शीर्षासनात, सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो, प्राणायामात प्राणवायू किती घेतला जातो, याची मोजणी तेथे झाली. विशेष हे की, प्राणायामाने शरीराला प्राणवायूचा जादा साठा मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांच्याच मोजणीत टिकली नाही, आणि ते त्यांनी लपविले नाही.

या परंपरेला फळ आले ते मुंबईत. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामातील डॉ. विनेकर व इतर सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकविले. रोज अर्धा तास उताणे पडून अंग सैल सोडायचे आणि संथ श्वासाकडे लक्ष द्यायचे, एवढेच. 1969 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न घेणाऱ्या 10 जणांचा मध्यम दाब सरासरीने 134 वरून 107 वर आला. औषधाने दाब ताब्यात असलेल्या 22 जणांपैकी 13 जणांची मात्रा सुमारे तिसऱ्या हिश्शावर आणता आली. मात्र एकूण रुग्णांत स्पष्ट गुण आला तो निम्म्यांच्याच आसपास, आणि तुलनेसाठी शवासन न करणारा निराळा गट नव्हता.

ही उणीव इंग्लंडात भरून निघाली. डॉ. चंद्रा पटेल यांनी 1975 साली 34 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. शिथिलीकरण शिकविलेल्या गटाचा वरचा दाब सरासरीने 26 अंकांनी उतरला; दुसऱ्या गटाचाही उतरला, पण 9 अंकांनीच. म्हणजे नुसत्या विश्रांतीचा आणि वैद्याच्या सहवासाचा वाटा वजा जाता काही शिल्लक उरतेच.

मोजमापाची ही तलवार दुधारी आहे, हे मात्र विसरू नये. जठराचा व्रण म्हणजे काळजीचाच रोग, असे डॉक्टरही वर्षानुवर्षे सांगत आले. ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरन यांनी 1982 पासून दाखवून दिले की, बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो. 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना इतकी वर्षे ‘काळजी सोडा’ म्हणून घरी पाठविले, त्यांतील कितीतरी जणांना खरी गरज होती ती जंतुनाशक औषधाची.

हठप्रदीपिकेने शवासनाला श्रमहारक म्हटले, त्याला पाचएकशे वर्षे झाली. ते वचन जुने म्हणून खरे नव्हे, आणि जुने म्हणून खोटेही नव्हे. त्यातले किती खरे, हे नाडीवर बोट आणि दंडावर पट्टा ठेवून ठरले. म्हणून ज्याला रक्तदाब आहे त्याने शवासन अवश्य करावे. परंतु गोळी बंद करायची की नाही, हे रक्तदाब मोजून डॉक्टरांना ठरवू द्यावे. कुवलयानंदांच्या प्रयोगशाळेचा खरा वारसा तो हाच.