कोडचे तुकडे आणि लीळांचे पाठ

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी ज्या आज्ञा लिहाव्या लागतात त्यांस कोड म्हणतात. हे लिहिणारी मंडळी आपले दहा-वीस ओळींचे तुकडे इंटरनेटवर सर्वांसाठी मांडून ठेवतात. एक जण तो तुकडा उचलतो, दुरुस्त करतो आणि तिसऱ्याच्या हाती देतो. परंतु जेथे तो मांडला ती जागाच मोडली म्हणजे काय करावयाचे? गिटोरियस हे असे एक भांडार 2015 साली मिटले, आणि गूगल कोड 2016 च्या जानेवारीत बंद झाले.

आम्हां वैदर्भीयांस हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून विचारून रिद्धपुरास जमविल्या. एकेक लीळा म्हणजे एकेक सुटा तुकडाच. पुढे धाडीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी स्मरणावरून ती पुन्हा उभी केली, तेव्हा पाठ अनेक झाले. पण जेथे आठवणींत फरक पडला, तेथे ज्याची त्याची ‘वासना’ नावानिशी नोंदविण्याची रीत त्या पंथाने पाळली. नागपूरचे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून लोकांपुढे आणले, आणि वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 साली निघाली. अशा संपादकाला नुसती प्रत पुरत नाही. पाठाची वंशावळही लागते.

कोडच्या जतनातही नेमके हेच आहे. 1996 साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेले इंटरनेट अर्काइव्ह दुव्यामागून दुवा धरीत जाते आणि पानांच्या प्रती तारखेसह ठेवते. हे उपकार थोर खरेच. मात्र ज्या पानाकडे कोणताच दुवा जात नाही ते यंत्राच्या नजरेतून सुटते, आणि पानाच्या प्रतीत तुकड्याच्या सर्व फेरफारांचा इतिहास येतोच असे नाही. फ्रान्समधील इन्रिया संस्थेने 2016 साली जाहीर केलेले सॉफ्टवेअर हेरिटेज कोडसोबत तो इतिहासही घेते. प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरूनच काढलेली खूण मिळते. एक अक्षर बदलले की खूण बदलते. म्हणून मूळ पत्ता नाहीसा झाला तरी पाठ ओळखता येतो.

यापुढचे काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. तुकडा कोणी लिहिला, कोठून घेतला, कोणत्या अटींवर वापरावा, हे त्याच्याच माथ्यावर लिहिलेले नसेल, तर जतन झालेला तुकडाही वाचता येईल, पण निर्धास्तपणे वापरता येणार नाही. या दोन्ही भांडारांत पत्ता देऊन प्रत ठेवावयास सांगण्याची सोय कोणासही खुली आहे. आमच्या नागपुरातील महाविद्यालयांतून आज जे विद्यार्थी कोड लिहीत आहेत, त्यांनी एवढे दोन नियम पाळले तरी पुष्कळ झाले. म्हाइंभटांनी आठवणी जमविल्या त्या सांगणारी माणसे हयात असताना. आपणही जागा मोडण्यापूर्वीच जागे झाले पाहिजे.