भाताला वाचवणारं तण: नीवारची गोष्ट

भाताच्या शेतात दिसलं तर शेतकरी उपटून फेकतील, असं हे गवत. भारतात तळ्यांच्या काठी, पाणथळ जागी ते आपोआप वाढतं. दाणा पिकला की लगेच गळून पडतो, त्यामुळे कापायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. संस्कृतमधलं त्याचं नाव नीवार, आणि शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं: ओरायझा निवारा. आपण खातो त्या भाताचा हा रानातला भाऊबंद. 1970च्या दशकात आशियातल्या भातशेतीला तोच कामी आला.

झालं होतं काय?

हरितक्रांतीनंतर आशियात ठेंगण्या, भरघोस पीक देणाऱ्या मोजक्या वाणांची लागवड वाढली. त्यावर 'ग्रासी स्टंट' हा विषाणूजन्य रोग आला. विदर्भातले धान उत्पादक ज्यांच्यामुळे हैराण असतात, तेच तपकिरी तुडतुडे हा विषाणू पसरवतात. रोप खुजं राहतं, गवतासारखे भाराभर फुटवे येतात, पण लोंबी जवळपास धरतच नाही. विषाणूवर औषध नाही. तुडतुडे मारत राहायचं, एवढाच उपाय.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं (इरी) मग भाताचे 6 हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा नमुना सापडला एकच, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला नीवार. गंमत म्हणजे त्यातलीही सगळी रोपं प्रतिकारक नव्हती, काहीच होती.

पण नुसता संकर करून भागत नाही. पहिल्या पिढीत प्रतिकारशक्तीबरोबर दाणे गळण्यासारखे रानटी गुणही येतात. म्हणून त्या संकराचा पुन्हा पुन्हा लागवडीच्या भाताशीच संकर करायचा. दर पिढीत रोपांवर विषाणूवाहक तुडतुडे सोडायचे आणि तगतील तीच रोपं पुढे न्यायची. शेवटी नीवारचं हवं ते जनुक उरतं, बाकीचं बहुतेक गळून जातं.

भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ गुरदेव खुश यांच्या नेतृत्वाखाली या कामातून 1974 मध्ये पहिले प्रतिकारक वाण आले आणि 1976 मध्ये आयआर-36. पुढे 1980च्या दशकात हा एकटा वाण सुमारे 1 कोटी 10 लाख हेक्टरवर होता.

मूळ नमुना बियाणे बँकेत सुरक्षित आहे. रानातल्या नीवारचं तसं नाही. तळी बुजतात तिथे तो संपतो, आणि जिथे टिकतो तिथे शेजारच्या शेतातल्या भाताशी त्याचा आपोआप संकर होत राहतो.