चार चमचे पाणी

बॅटरीचा विषय निघाला की सगळे चार्जिंग, किलोमीटर आणि किंमत यांवर बोलतात. मला मात्र गेले काही दिवस डब्यांनी पछाडलंय. बॅटरीत जाणारी रसायनं ज्या डब्यांतून समुद्रापार जातात, ते डबे. विषय रुक्ष वाटेल, पण मंडळी, जरा थांबा.

सुरुवात १८०७ सालची. लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने पोटॅशियम आणि पाठोपाठ सोडियम वेगळं केलं. लगेच प्रश्न आला की हे ठेवायचं कशात? हवेतला ओलावासुद्धा त्यांना पुरायचा. मग डेव्हीने ते खनिज तेलात बुडवून ठेवले. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत सोडियमचा तुकडा पाहिलेला आठवतोय ना? तो याच युक्तीचा वारस. दहा वर्षांनी, १८१७ मध्ये, स्वीडनच्या आर्फव्हेडसनला लिथियम सापडलं (पुरेसा शुद्ध धातू हाती यायला १८५५ उजाडलं), आणि इथे ती युक्ती फसली. लिथियम इतकं हलकं की रॉकेलवर चक्क तरंगतं! वर आलेला भाग हवेला उघडाच. बरं, हवा काढून नायट्रोजन भरावा, तर लिथियम हळूहळू त्यालाही धरतं. मग त्याला व्हॅसलीनसारख्या लेपात गुंडाळा, नाहीतर आर्गॉनमध्ये ठेवा. हा आर्गॉन रॅले आणि रॅम्झे यांना १८९४ साली सापडला. त्याचं नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थच 'आळशी'. कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशी माणसं कधीकधी फार उपयोगी पडतात.

पण धातूपेक्षा अवघड प्रकरण आहे ते मिठाचं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे या बॅटऱ्यांच्या द्रावात एक मीठ रुळलं, लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट. पांढरी, साधी दिसणारी पूड. पावसाळ्यात आपल्या मिठाला पाणी सुटलं की आपण बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतो आणि विसरतो. या मिठाला पाणी लागलं तर हायड्रोफ्लुरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल काच खातं, त्यामुळे काचेची बाटली बाद. आणि ते माणसाशी फसवणुकीने वागतं. सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत झिरपत जातं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं, आणि कळा सुरू होईपर्यंत कधीकधी काही तास उलटलेले असतात. गोदीवर भिजलेला ड्रम कुणी सवयीने उघडला, तर पहिली किंमत बॅटरी कंपनी मोजत नाही. ती तो उघडणारा मोजतो.

मग डबा कशाचा करायचा? इथे इतिहास मजेशीर वळण घेतो. १९३८ मध्ये ड्युपाँच्या रॉय प्लंकेटला शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अपघाताने टेफ्लॉन मिळालं. त्याचा पहिला मोठा उपयोग तव्यावर झाला नाही, तो अणुबाँबच्या कामात झाला. तिथे लागणारं युरेनियम हेक्साफ्लुराइडही ओलाव्याने असंच बिघडतं आणि भेटेल ते खात सुटतं. बाँबसाठी शिकलेले हे धडे आज फ्लुरोपॉलिमरच्या अस्तरांमध्ये आणि बाटल्यांमध्ये उतरलेत. सिलिका जेलचंही तसंच. ते जॉन्स हॉपकिन्सच्या वॉल्टर पॅट्रिकने पेटंट केलं १९१९ मध्ये, आणि त्यामागे होतं पहिल्या महायुद्धातल्या गॅस मास्कचं काम. आपण बुटांच्या खोक्यातून काढून फेकतो, तीच पुडी.

पण नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही. डबा 'श्वास घेतो'. दिवसा उन्हात आतली हवा फुगते आणि बारीक फटीतून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाल्यावर तेवढीच दमट हवा आत ओढली जाते. असे तीन-चार आठवडे समुद्रावर.

आणि मग कंटेनर. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनच्या 'आयडियल-एक्स' जहाजाने ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले आणि जगाचा व्यापार पालटला. चढवण्या-उतरवण्याचा प्रश्न सुटला, पण पेटीला स्वतःचं हवामान आलं. ३० अंशांच्या दमट बंदरात भरलेल्या २० फुटी कंटेनरमधल्या हवेत जेमतेम लिटरभर पाणी असतं. खरं पाणी असतं लाकडी पॅलेटमध्ये! १०० किलो लाकडात १५-२० लिटर सहज मुरलेलं असतं. दिवसा ते हवेत येतं, रात्री गार छताला लागून थेंब होतं आणि मालावर ठिबकतं. भाताच्या पातेल्याचं झाकण उचलताना होतं ना, अगदी तसं. याला 'कंटेनर रेन' म्हणतात. पत्रा एवढासाही फुटलेला नसतो. शत्रू तिकीट काढून आत बसलेला असतो, आणि तेही आपणच बसवलेला.

म्हणून या मिठाचं पॅकिंग कांद्यासारखं, पदराआड पदर. बंद भांडं, त्यात कोरडा आर्गॉन किंवा नायट्रोजन (मीठ नायट्रोजनशी भांडत नाही, हे बरं), बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या थराची पिशवी. शिवाय माल गारही ठेवावा लागतो, कारण उष्णतेने हे मीठ आपणहून फुटू लागतं आणि सुटलेला वायू पाण्याचा थेंब शोधत फिरतो. बॅटरीच्या द्रावात पाणी साधारण दहा लाखांत २० भागांच्या आत लागतं. हिशेब करून पाहिला. एक टन द्रावात २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. एवढं कोरडं करणं सिलिका जेलच्या आवाक्याबाहेरचं. द्राव सुकवायला रेणूंची चाळणी लागते, ते झिओलाइट. युनियन कार्बाइडने १९५४ पासून ते कृत्रिमरीत्या बनवून विकायला घेतलं.

पूर्व आशियातून येणारं हे मीठ आता आपल्याकडेही बनवण्याची धडपड चालू आहे, गुजरातेत दहेजला. म्हणजे खंबातच्या आखाताकाठी! बाहेर जुलैची कोंदट हवा आणि आत उणे ४० अंश दवबिंदूच्या आसपासची कोरडी खोली, असा संसार. अशा ठिकाणी माणूसच ओलावा घेऊन येतो, श्वासातून, घामातून. म्हणून आत किती जणांनी जायचं तेही मोजून ठरवतात. आणि जिथे ड्रम उघडतात तिथे हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब ठेवतात. आम्ल चुकून कातडीला लागलंच, तर हाडापर्यंत पोचण्याआधी त्याला कॅल्शियम बाहेरच मिळावं म्हणून.