तिसऱ्याला बोलावण्याची किंमत

१/५
मध्ययुगीन युद्धाच्या ऑनलाइन खेळात हरू लागलेला गट अनेकदा तिसऱ्या, बलाढ्य गटाला मदतीस बोलावतो. मराठ्यांच्या इतिहासातही हा डाव टाकला गेला. त्याची किंमत मुंबईच्या नकाशावर आजही दिसते.

२/५
३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. परंतु नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी पुढे तान्ह्या सवाई माधवरावांचा पक्ष उभा केला.

३/५
एकाकी पडलेल्या रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. २,५०० सैनिकांच्या मदतीसाठी साष्टी व वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आधीच जिंकला होता.

४/५
१७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हार पत्करली. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. रघुनाथरावांना गादी मिळाली नाही. मिळाली ती केवळ दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक.

५/५
खेळात नवा डाव मांडला की नकाशा पूर्ववत होतो. इतिहासात तसे होत नाही. दादरहून लोकलने माहीमची खाडी ओलांडून वांद्र्यास उतरलो, की आपण त्याच साष्टीत पाऊल ठेवतो. मराठ्यांकडे ती पुन्हा कधीच आली नाही.