थर्मोस्टॅटवाली भट्टी

लग्नाच्या हॉलमध्ये चहाचा उंच स्टीलचा बॉयलर असतो, तो डोळ्यांसमोर आणा. बुडाशी हीटर, खाली नळ. आता त्याच्या पोटात जाळीच्या बुडाचं आणखी एक नळकांडं बसवा, एक चिमुकला पंप जोडा आणि समोर तापमानाचे आकडे दाखवणारी पट्टी लावा. घरी बिअर करण्याचं ‘ऑल-इन-वन’ यंत्र तयार झालं. जर्मनीतल्या श्पायडेलचा ब्राउमाइस्टर, न्यूझीलंडचा ग्रेनफादर आणि ऑस्ट्रेलियातल्या केगलँडचा ब्रूझिला ही त्यातली नावाजलेली घराणी.

चहाच्या बॉयलरशी याचं नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही, रक्ताचंही आहे. ब्रिटनमध्ये 1880 साली माल्टवरचा कर उठला आणि बिअरवर बसला. त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना काढणं आलं. ही अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी 1963 च्या अर्थसंकल्पात काढून टाकली आणि हौशी मंडळींनी घरात जे होतं ते जुंपलं: कपडे उकळायचे बर्को बॉयलर, चहाचे मोठे पिंप. पुढे ‘ब्रूहीट’ नावाची प्लास्टिकची बादली आली, तिच्यात हीटर आणि थर्मोस्टॅट दोन्ही. आजच्या चकचकीत यंत्राची आजी तीच.

थर्मोस्टॅट कशाला? बार्लीत साखर जवळजवळ नसते, पिष्ट असतं. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून गरम पाण्यात टाकली की तिच्यातलीच एन्झाइम त्या पिष्टाची साखर करतात. पण त्यांचे लाड फार. 65 ते 68 अंशांच्या पट्ट्यात तासभर ठेवावं लागतं. पाणी 80 ला गेलं की खेळ खलास. मग चोथा निथळायचा, गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, झटपट निववायचं आणि यीस्ट घालायचं. आधी याला तीन पातेली लागत. यंत्राने ती एकात आणली. ब्राउमाइस्टरचा पंप पाणी खालून वर, माल्टच्या थरातून ढकलतो. ग्रेनफादर आणि ब्रूझिला ते वरून सोडतात, ते निथळत खाली येतं. पहिल्याची बांधणी देखणी आणि किंमतही तशीच. माझं मत विचाराल तर 230 व्होल्टच्या देशात स्वस्तातला ब्रूझिलाही पुरे. अमेरिकेत मात्र 120 व्होल्टवर उकळी येईपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

पनवेलजवळच्या कामोठ्यात गीझरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर हे यंत्र सहज चालेल. कायद्यात मात्र बसणार नाही, आणि त्याचं मूळ शेजारीच सापडतं. या किनाऱ्यावर साखर झाडावर तयारच असे: माडाच्या नि ताडाच्या रसात, मोहाच्या फुलात. माडी तर मडक्यात उतरता उतरताच आंबू लागते. पिष्टाची साखर करायची गरजच नव्हती, म्हणून इथल्या भट्टीला थर्मोस्टॅटही नको होता. एकोणिसाव्या शतकात उरण हा पनवेल तालुक्याचाच भाग होता आणि तिथल्या भट्ट्या, मालक बहुतेक पारशी, मुंबईला दारू पुरवीत. मोहाची फुलं येत थेट पंचमहालातून.

इंग्रज सरकारला महसूल हवा होता. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडामाडाच्या झाडावर कर बसला आणि गावठी भट्ट्या मोडून दारू मोठ्या भट्ट्यांतूनच निघावी असं धोरण आलं. तरी रानात फूल पडतच होतं. चैत्रात पहाटे मोहाखाली सडा पडतो आणि कातकरी, ठाकूर बाया तो टोपलीत वेचतात, खाण्यासाठीसुद्धा. मग 1892 साली मोहाच्या फुलांवरचा ‘म्होवरा कायदा’ आला, खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतली चोरटी दारू रोखण्यासाठी. पनवेल तेव्हा कुलाब्यात. भट्टी लपवता येते, झाड लपवता येत नाही, हे सरकारने बरोबर हेरलं होतं. माणसाच्या खाण्याच्या फुलावर पहारा बसवणं मला तरी आजही संतापजनक वाटतं.

स्वराज्यात पहारा सैल झाला नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं कलम 65 विनापरवाना दारू बनवण्याबरोबरच त्यासाठी बाळगलेल्या साहित्यालाही पकडतं. नवसागर आणि काळा गूळ घातलेल्या हातभट्टीवर धाड पडते ती याच कलमाखाली. पुढे पिणाऱ्यांसाठी परवाने निघाले, 2009 साली पुण्यात डूलालीसारखी मायक्रोब्रूअरीही उभी राहिली. पण तो धंद्याचा परवाना. स्वयंपाकघरात बिअर करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

न्यूझीलंडमध्ये 1996 पासून घरापुरती दारू गाळणंही कायदेशीर आहे, आणि ग्रेनफादरवर बसवायला तांब्याचा घुमट वेगळा विकत मिळतो. कामोठ्यात तेच भांडं घुमटाशिवाय, नुसत्या बिअरसाठी तापवलं तरी पोलिसांच्या पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून लिहिलं जाईल. पिण्याचा परवाना मात्र इथे आजन्म मिळतो.