पत्रकाखालची बारीक ओळ

निवडणुकीचे वारे वाहू लागले की दाराच्या फटीतून पत्रके आत यायला लागतात. वर नेत्यांचे फोटो, मधे हात जोडलेला उमेदवार, खाली चिन्ह. आपण चिन्ह बघतो, फोटोतला माणूस ओळखीचा आहे का ते बघतो, आणि मग तो कागद डब्यांच्या फळीवर अंथरला जातो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या पत्रकाच्या अगदी तळाशी असलेल्या बारीक ओळीबद्दल. छापणाऱ्याचे नाव-पत्ता आणि छापून घेणाऱ्याचे नाव-पत्ता तिथे असतो. निदान असायला हवा. ही ओळ तिथे कशी आली याला दीडशे वर्षांहून जास्त काळाचा इतिहास आहे, आणि तो शेवटी निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या बायकांपाशी येऊन पोचतो.

सुरुवात काही मतदारांच्या भल्यासाठी झाली नव्हती. १८५७ चा उठाव होऊन दहा वर्षे झाली होती. देशात छापखाने वाढत होते आणि कोण काय छापतो यावर इंग्रज सरकारला डोळा ठेवायचा होता. म्हणून १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि छापल्याचे ठिकाण वाचता येईल असे हवे, प्रसिद्ध केला असेल तर प्रकाशकाचेही हवे, असे त्यात लिहिले होते. हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात शंका नाही. पण पाळतीसाठी घातलेली ती ओळ पुढे मतदाराच्या कामाला आली. कायद्यांचे असे कधीकधी होते.

१९२० साली दुसरे पाऊल पडले. नव्या सुधारणांप्रमाणे प्रांतांच्या कायदेमंडळांच्या निवडणुका व्हायच्या होत्या, आणि त्याआधी भारतीय दंड संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचे एक वेगळे प्रकरण जोडले गेले. लाच, दडपण, दुसऱ्याच्या नावावर मतदान हे सगळे त्यात आले. त्यातली दोन कलमे प्रचाराच्या कागदांना थेट लागू पडत. एक १७१ ग. निकालावर परिणाम व्हावा म्हणून एखाद्या उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल खोटे विधान, खरे म्हणून, जाणूनबुजून केले किंवा छापले तर दंड. दुसरे १७१ ह. उमेदवाराची लेखी परवानगी नसताना त्याच्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर खर्च केला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी पाचशे ही मोठी रक्कम होती. शंभर वर्षांनंतरही कायद्यात पाचशेच लिहिलेले होते, तेव्हा त्याचा धाक काय राहिला असेल ते तुम्हीच ठरवा. २०२४ च्या जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. दोन्ही गुन्हे तिच्यातही आहेत, आणि दुसऱ्याचा दंड आता दहा हजारांपर्यंत आहे.

यात एक गोष्ट नीट बघा. गुन्हा आहे तो उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटे बोलण्याचा. ‘दिवाळीपर्यंत घराघरात नळ’ असे छापले आणि पुढच्या पाच दिवाळ्या हंड्यावर गेल्या, तरी तो गुन्हा होत नाही. कायद्याने उमेदवाराच्या अब्रूला आधार दिला, मतदाराच्या विश्वासाला दिला नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे. पण दुसरी बाजूही आहे. आश्वासन खोटे की नुसते फसलेले, हे ठरवायचा अधिकार अधिकाऱ्यांच्या हातात दिला, तर सत्तेतला माणूस विरोधकाचे प्रत्येक पत्रक अडवेल. म्हणून हा हिशेब मतदाराकडेच ठेवलेला बरा, असे आम्हाला वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आला, आणि दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यात १२७ क हे कलम घातले गेले. आपली बारीक ओळ खऱ्या अर्थाने निवडणुकीची झाली ती तेव्हा. निवडणुकीचे पत्रक किंवा भित्तिपत्रक छापायचे तर त्याच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावे-पत्ते हवेत. शिवाय प्रकाशकाने आपण कोण हे सही करून छापखान्याला लिहून द्यायचे, आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या. छापखानेवाल्याने ते लिखाण आणि पत्रकाची एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाताने उतरवून काढलेली नक्कल सोडली, तर प्रती काढण्याची कुठलीही पद्धत छपाईच समजायची, असेही कलमात आहे. ‘आम्ही छापले नाही, सायक्लोस्टाइल केले’ ही सबब त्यामुळे चालली नाही. सभेची तारीख, वेळ, ठिकाण एवढेच सांगणाऱ्या कागदाला तेवढी सूट आहे.

पण हे सगळे लोकसभा-विधानसभेसाठी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे कायदे राज्याचे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. पुढे त्याच्या आदेशांनी आणि आचारसंहितेने ती ओळ गावच्या पत्रकावरही मागायला सुरुवात केली.

गावात याची गरज खरे तर जास्तच. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेल असतात, आणि कपबशी, छत्री, पतंग अशी चिन्हे. पक्षाचे पत्रक खोटे निघाले तर निदान पक्षाला तरी जाब विचारता येतो. पॅनेल मात्र निवडणुकीपुरते जमते आणि निकालानंतर विरते. मग तळाची ओळ नसेल तर विचारणार कोणाला?

आणि निनावी पत्रक येते केव्हा? मतदानाच्या आदल्या रात्री. प्रचार संपलेला, उत्तर द्यायला वेळ नाही. ‘अमक्याने माघार घेतली, तमक्याला पाठिंबा दिला’ हा एक ठरलेला प्रकार. दुसरा प्रकार बाईसाठी राखून ठेवलेला. पुरुष उमेदवाराबद्दल रस्त्याच्या कामात पैसे खाल्ले असे लिहितात. बाईबद्दल ती कोणाच्या गाडीतून उतरली, रात्री किती वाजता घरी आली, हे लिहितात. रस्त्याच्या आरोपाला कागदपत्राने उत्तर देता येते. दुसऱ्या आरोपाला उत्तर देऊ गेले की त्याची चर्चाच वाढते. १९२० चे ते कलम कायदेमंडळावर जाणाऱ्या पुरुषांची अब्रू डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले असावे. आज त्याची सगळ्यात जास्त गरज वॉर्डातून उभ्या राहणाऱ्या बाईला आहे.

कागदाला नाव लावायची सक्ती झाली की खोटे दुसरी जागा शोधते. आधी भिंती होत्या. चुना-गेरूने रात्रीत रंगवलेल्या, घरमालकाला न विचारता. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९० नंतरच्या वर्षांत, त्याला लगाम बसला, आणि १९९५ मध्ये महाराष्ट्राने मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदाही केला. मग वर्तमानपत्रे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचे प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. उमेदवाराची स्तुती शब्द न शब्द तीच, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने! म्हणजे इथे नाव होते, पण ते खोटे होते. प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या उपसमितीने २०१० मध्ये यावर अहवाल तयार केला. २०११ मध्ये निवडणूक आयोगाने अशा मजकुराचा खर्च लपवला म्हणून एका आमदाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. त्या होत्या उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या उमलेश यादव. हे पाप फक्त पुरुषांच्याच माथी मारता येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता मोबाइल. पुढे ढकललेल्या संदेशाला तळ नसतो, त्यामुळे तळाची ओळही नसते. पण सगळा दोष फोनवर टाकायचे कारण नाही. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांसाठी बोली लागल्याच्या चित्रफिती फोनवरूनच बाहेर आल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याचे त्या वेळी छापून आले होते. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. बोलीत पत्रक लागत नाही, आश्वासनही लागत नाही. मतदाराला काही सांगावेच लागत नाही.

आणि आता पत्रकाच्या तळाकडून वर या. आपल्या राज्यात पंचायतीत बायकांना १९९० मध्ये तीस टक्के, मग एक तृतीयांश, आणि २०११ मध्ये निम्म्या जागा मिळाल्या. त्याआधीही पुणे जिल्ह्यातल्या निंबूतने १९६३ मध्ये आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने १९८९ मध्ये पूर्ण पंचायत बायकांच्या हाती दिली होती. तरी आजची पत्रके हातात घेऊन बघा. कित्येकींवर उमेदवार बाईचा फोटो पासपोर्टएवढा, शेजारी यजमानांचा तिप्पट. कार्य काय केले, तर ‘यांच्या पत्नी’. संपर्कासाठी मोबाइल नंबर यजमानांचा. कायद्याच्या दृष्टीने अशा पत्रकात काही चूक नाही. मुद्रक आहे, प्रकाशक आहे, चिन्ह बरोबर आहे. पण मत मागते आहे कोण आणि कारभार करणार कोण, हे त्यावर खरे लिहिलेले नाही. आमच्या लेखी ही जाहिरातीतली फसवणूकच आहे, मग ती घरच्यांनी प्रेमाने केलेली का असेना.

यावर कलम नाही, आणि आलेले आम्हाला आवडणारही नाही. पण तुमच्यापैकी ज्या उभ्या राहणार आहेत, त्यांच्या हातात एक गोष्ट आहे. पत्रक छापायला जाण्याआधी कच्ची प्रत स्वतः वाचा. फोन नंबर स्वतःचा द्या. आधीच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतः काय केले ते दोन ओळींत लिहा. बचत गटाचे हिशेब ठेवले असतील तर तेही काम आहे. आणि तळाशी प्रकाशक म्हणून कोणाचे नाव जाते आहे ते विचारा, कारण उद्या त्या मजकुराचा जाब विचारायला लोक त्याच्याकडे आणि तुमच्याकडे येणार आहेत.

ज्या मतदार आहेत, त्यांनी रात्री दारात पडलेले बिननावाचे पत्रक फाडू नका आणि फोटो काढून पुढेही पाठवू नका. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि कुठे मिळाले ते लिहा आणि सकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत लेखी अर्जासोबत द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पुढच्या वेळी नमुना मतपत्रिका कशी वाचायची ते पाहू. घरात जुन्या निवडणुकीची असेल तर काढून ठेवा.