कालप्रवासाची शक्यता आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’

कालप्रवासाच्या कथेची शास्त्रीय परीक्षा करावयाची, तर प्रवासाची दिशा प्रथम विचारली पाहिजे. भविष्याकडे जाण्यास पदार्थविज्ञानाची आडकाठी नाही. १९७१ साली हाफेले व कीटिंग यांनी विमानांतून आण्विक घड्याळे पृथ्वीभोवती फिरविली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली. ब्रह्मलोकाहून परतलेल्या ककुद्मी राजाला पृथ्वीवर युगे लोटलेली आढळली, ही भागवतातील कथा या बाबतीत वेल्सच्या १८९५ मधील कालयंत्राहून अधिक शास्त्रशुद्ध ठरावी, हा एक गमतीचा योग होय.

भूतकाळाची गोष्ट निराळी. १९४९ साली कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून स्वतःकडेच परतणारे कालमार्ग काढून दाखविले. परंतु त्यासाठी अखिल विश्व फिरते मानावे लागते, आणि आपले विश्व तसे असल्याचा पुरावा नाही. शिवाय भूतकाळात जाऊन कारणच पुसून टाकले, तर कार्य उरावे कसे?

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ही अडचण चातुर्याने टाळली आहे. त्यांचे इतिहासज्ञ गंगाधरपंत १७६१ मध्ये जात नाहीत. विश्वासरावांना गोळी न लागलेल्या एका वेगळ्या जगाच्या वर्तमानात ते जातात. आधार पुंजवादातील अनिश्चिततेचा आहे. १९५७ मध्ये एव्हरेटने मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेशी हे जुळते. मात्र तेथे एका शाखेतून दुसरीत जाण्यास वाट नाही. तसेच शिशाच्या गोळीच्या आकारमानाला ती अनिश्चितता नगण्यच असते. इतकी सवलत कथाकाराला द्यावी.

इतिहासकाराचा आक्षेप याहून मूलगामी आहे. फाटा गोळीपाशीच का फुटावा? मुरुड ज्या लातूर जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील उदगीर येथे फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याचे वृत्त त्यानंतर आले, आणि मार्चमध्ये परतूरहून भाऊ उत्तरेकडे निघाले. उदगीरची मोहीम लांबली असती, तर सेनापती कदाचित दुसराच असता. उलटपक्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव वाचले असते, तरी रसद तुटून उपाशीपोटी लढणाऱ्या फौजेची भूक त्यामुळे भागली नसती. नारळीकरांनी क्षण निवडला तो नाट्याच्या दृष्टीने. पानिपतच्या कारणांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला परतूरचा मुक्कामच आधी तपासावा लागेल.